सावधपणाची शाल

ऑनलाइन चोरांपासून गावाला वाचवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, याबद्दल नार्नूरच्या हर्षदीप सरांना शंका नव्हती. म्हणून आपल्या ‘सावध ग्राहक मंडळा’च्या कार्यक्रमात त्यांनी तहसीलदारांसमोर मोठ्या पडद्यावर मंडळाची वेबसाईट उघडली. पडद्यावर रमी आली. वेबसाईटच्या नावाचे पैसे दरसाल भरावे लागतात. यंदा मुदत संपली आणि ते नाव कुण्या जुगारवाल्यानं उचललं होतं.

सर घाईनं पडद्यापुढे उभे राहिले, तर पत्त्यांतले राजा-राणी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटले.

“नागनाथभाऊ,” त्यांनी पहिल्या रांगेतल्या मंडळाच्या कारकुनाला हळूच विचारलं, “मुदत संपून राह्यली म्हणून कंपनीचे मेल आले नाई का?”

“येतच होते ना सर. ‘आजच पैसे भरा, नाई तर बंद पडेल.’ अशी घाई करणारा चोरच असते, हे तुमीच शिकवलं. मी पुसून टाकत गेलो.”

“फोन तरी करतेत ना ते लोकं.”

“केला ना. त्यालेच तर मी पोलिसाचा धाक दाखवला होता. माफी मागून राह्यला होता बिचारा. काऊन सर, इसरले का?”

सर विसरले नव्हते. त्या सावधपणाबद्दल त्यांनीच भर सभेत नागनाथभाऊंना शाल पांघरली होती. आता मान वर करायची सोय राहिली नव्हती, कारण समोर नागनाथभाऊ तीच शाल घेऊन बसले होते.

सत्काराचा फोटो तेवढा त्या गेलेल्या वेबसाईटवर होता.