साडेपाचचा भोंगा

शाळेचा बँड हरल्याचं साहेबरावांना मैदानाच्या फाटकातच कळलं. साडेपाचचा भोंगा झाला तसा ओव्हरटाइम सोडून ते कंपनीतून थेट इकडे आले होते. दोन्ही पोरं बँडमध्ये होती. ज्योतीराम बिगुलवाल्यांच्या पुढे, धाकटी प्रभा मोठ्या ढोलावर. निदान शेवटची फेरी तरी बघू, असं त्यांच्या मनात होतं. पण ते पोचले तेव्हा लाउडस्पीकरवर निकाल चालू होता. पहिल्या तीन नंबरांत शाळेचं नाव नव्हतं.

फाटकाशी शेजारचे मारुतराव भेटले.

"राव, तुमची प्रभा मधीच थांबली की! आपल्या कंपनीचा भोंगा झाला आन् पोरीनं ढोल बंद केला. मागची पोरं एकमेकांच्या पायावर."

"थांबली म्हंजे?"

"थांबली म्हंजे थांबली. भोंगा झाला की आपण मशीन बंद करतो ना, तशी. मग टाकले चार ठोके, पण तवर सगळ्यांची पावलं चुकली. परीक्षकसुद्धा हसले."

साहेबराव तसेच कासारवाडीला घरी निघाले. पोरं आधीच पोचली होती. घरात शिरतानाच त्यांचा आवाज चढला.

"हात मोडला व्हता का तुजा?"

प्रभा भिंतीशी उभी होती. बँडचा पांढरा पोशाख अजून अंगावरच होता. शाळेला कुलूप लागलं होतं म्हणून ढोल घरी आणला होता. खांद्यावर ढोलाच्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता. ज्योतीराम कॉटवर पाठ करून पडला होता.

"मी सांगतो ना," तो तसाच पडून म्हणाला. "भोंगा झाला की ही रोज सराव सोडून घरी पळते. नळाला पाणी येतं ना तेव्हा. रोजची सवय. आज पण भोंगा ऐकला आणि हात गेला खाली. अकरावी, शाळेतलं शेवटचं वर्ष माझं. सगळी शाळा हसली आम्हाला."

"रोज सराव सोडून?" साहेबराव तिच्याकडे वळले. "आन् मला कुणी बोललं न्हाई? वर्षभर ढोल ढोल करून डोकं खाल्लंस. मास्तरांनी पोरांना डावलून तुला ढोल दिला. तुजी आई असती तर काय म्हणाली असती?"

"आई असती तर मी थांबलेच नसते."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. रॉकेलचा स्टोव्ह पुढे ओढला आणि त्याला पिन मारायला बसली.

साहेबराव उभेच राहिले. रोज ते ओव्हरटाइम करून घरी येत, तेव्हा घागर भरलेली असे आणि भाकरी ताटात असे. आज मोरीत घागर आडवी पडली होती. पाणी येऊन गेलं होतं.

तेवढ्यात दाराशी सोपानराव मास्तर आले. पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन ते शाळेत बँड शिकवत होते. आत या म्हटलं तरी ते आत आले नाहीत.

"साहेबराव, पोरीचा हात चांगला आहे. असा ठोका मोठ्या पोरांनाही जमत नाही. पण भोंग्याला थांबणारा ढोल मला चालायचा नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे. उद्यापासून दिवे लागेपर्यंत सराव. ती तोवर थांबणार असेल तर ढोल तिचा. नसेल तर ढोल सकाळी ज्योतीरामाबरोबर शाळेत पाठवा. दुसरा पोरगा तयार आहे."

"थांबंल की," साहेबराव म्हणाले. मग त्यांनी कॉटकडे पाहिलं. "ज्योत्या, उद्यापासनं पाणी तू भरायचं."

ज्योतीराम उठून बसला. "मी? त्या बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभा राहू? आणि बिगुल कोण वाजवणार? सराव मलाही आहे ना!"

"मग आळीपाळीनं भरा."

"माझ्याशिवाय बिगुलवाले सुरू होत नाहीत, आबा. विचारा सरांना." त्यानं मास्तरांकडे बोट केलं. "तुम्हीच सोडा ना ओव्हरटाइम. आज सोडलाच की."

"आज फोरमनच्या हातापाया पडून आलो. रोज कोण सोडंल मला?"

"मग मलाच का सांगता?"

साहेबरावांचा हात उठला. दारात मास्तर होते, म्हणून तो त्यांनी टोपीकडे नेला आणि टोपी खुंटीला अडकवली.

"राहू द्या, आबा," प्रभा म्हणाली. "दादानं पाणी भरलं तरी भाकरी कोण थापणार? शेजारच्या दुर्गाबाईंना रोज रोज किती सांगायचं?"

"तू गप बस," साहेबराव ओरडले. स्टोव्ह पेटला, भुरभुरला, परत विझला. प्रभानं पुन्हा पिन उचलली.

"बोला, साहेबराव," मास्तर म्हणाले. "मला पोरांना सांगावं लागेल."

शेजारी कुणाच्या तरी तव्यावर भाकरी भाजल्याचा वास येत होता. ज्योतीराम पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मास्तर दारातूनच परत फिरले.

ढोल ठेवायचा की सकाळी पाठवायचा, हे साहेबरावांनी अजून सांगितलं नव्हतं.