मौनाचा ठराव

अमेरिकेतल्या ॲपलाचियाच्या डोंगरांतल्या आमच्या राज्याच्या सिनेटने सकाळी खाणकामगारांच्या फुप्फुसरोगासाठी भरपाई देणारं विधेयक समितीतच गाडलं आणि दुपारी मृत खाणकामगारांच्या गौरवाचा ठराव एकमताने मंजूर केला. ठरावाला पैसे लागत नाहीत, त्यामुळे एकमत लगेच होतं. मग सिनेटर माना खाली घालून मौनाला उभे राहिले. गॅलरीत नाकात प्राणवायूची नळी घालून बसलेल्या ड्यूई स्टिल्टनरला तेव्हाच खोकला आला. उभा जन्म कोळसा खणलेल्या छातीतला खोकला तो, दाबूनही दाबला जाईना. रखवालदार धावला. “काका, जरा बाहेर चला. गेलेल्या खाणकामगारांसाठी मौन चाललंय.” ड्यूई ओशाळून उठू लागला. बायकोने, ऑर्फाने, दंड धरून खाली बसवलं. “कुठं निघालात? खोका!” ती सभागृहभर घुमेल अशी कडाडली. “पुढच्या वर्षी हे तुमच्यासाठीही उभे राहतील. जिवंत आहात तोवर ऐकू दे या मेल्यांना!”