मध्यंतरानंतर

पडद्यावर अजून नावंच येत होती, तोवर समीक्षकांनी मोबाइलवर 'पूर्वार्ध रटाळ' असं लिहून वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर टाकूनही दिलं.

"अहो, निदान नावं तरी संपू द्या!" शेजारी बसलेली बायको कुजबुजली.

"दिग्दर्शक विरोधी पक्षातला आहे. संपादक म्हणालेत, कौतुक केलंत तर उद्यापासून घरी बसा."

मध्यंतरात संपादकांचाच फोन आला. "अहो, थांबा! दिग्दर्शकसाहेब आत्ताच आपल्या पक्षात आलेत. आता टीका केलीत तर घरी बसा!"

"पण साहेब, माझा पूर्वार्ध लोकांनी वाचलासुद्धा!"

"तुमचं तुम्ही निस्तरा."

सकाळी परीक्षण छापून आलं.



"पूर्वार्ध रटाळ आहे खरा; पण मध्यंतराला दिग्दर्शकांनी जे वळण घेतलंय, त्याला तोड नाही!"