जिताड्याचं डोकं

सुगतचा रॉड वाकला, तेव्हा शामकांत नकार द्यायला तोंड उघडतच होते.

"ओढू नकोस," त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "पळू दे त्याला. दोरी सैल सोड."

सिंगापुरातल्या पुंगोलच्या त्या पैसे भरून मासे धरायच्या तळ्यात पाणी जेमतेम मांडीइतकं होतं, आणि रंगाने दुधाच्या चहासारखं. ना शेवाळ, ना झुडूप, ना दगड. माशाला आडोसा म्हणावा असा एकच, मोडक्या धक्क्याचा उरलेला खांब. बोर्डावर 'सी बास' लिहिलं असलं तरी शामकांतांच्या लेखी तो जिताडा होता. पेणला त्यांच्या घरामागच्या तळ्यात तो अशाच गढूळ पाण्यात वाढायचा. सकाळपासून त्यांना स्वतःला शेपूटही दिसलं नव्हतं, कारण पाहुण्याला चांगली जागा द्यायची सवय आडवी आली होती. पाय आपटू नकोस, पाण्यावर सावली पाडू नकोस, कोळंबी खांबाच्या पलीकडे टाक आणि हळूहळू जवळ आण, असं सुगतला त्यांनीच शिकवलं होतं. पोराने ते सगळं निमूट ऐकलं, आणि आता मासा त्याच्याच गळाला लागला होता.

खरं तर नकार देण्यासाठीच त्यांनी त्याला इथे आणलं होतं. घरी आशालता आणि रश्मी. बायको आणि लेकीसमोर त्यांना बोलणं जमत नव्हतं. रश्मी आणि सुगत एकाच लॅबमध्ये कामाला होते आणि लग्न करू म्हणत होते. हे होणार नाही, असा शब्द शामकांतांनी पेणच्या थोरल्या भावाला फोनवर देऊनही टाकला होता. सांगायला कारण तयार होतं. आपलं घर मासळीवर वाढलेलं आणि मुलगा बौद्ध, म्हणजे शाकाहारी. हा शोध त्यांनी टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, लावला होता. तिथल्या शाकाहारी स्टॉलवर बुद्धाची तसबीर होती. पेणच्या शाळेत बौद्धवाडीतली मुलं त्यांच्याच बाकावर बसायची, पण त्यांच्या घरी शामकांत कधी जेवले नव्हते. मग ती मुलं काय खातात ते कळणार कुठून? आशालताने नवऱ्यावर विश्वास ठेवला. सुगत येईल तेव्हा ती वरण-भात आणि बटाट्याची भाजी करायची, आणि तो ती मागून घेऊन खायचा.

मासा उसळला आणि खांबाकडे धावला.

"वळसा घालू देऊ नकोस, दोरी तुटेल," शामकांत ओरडले. सुगत चपलांसकट चिखलात उतरला, बाजूला सरकला आणि त्याने माशाचं तोंड फिरवलं. थोड्या वेळाने शामकांतांनी खाली जाळी घातली. चांगला हातभर जिताडा होता. शामकांत लहान मुलासारखे हसले, आणि मग आपण कशाला आलो होतो ते त्यांना आठवलं.

पेणला एवढा मासा निघाला की वडील म्हणायचे, जावयाला बोलवा. त्यांच्या घरचा रिवाजच होता, जिताड्याचं डोकं जावयाच्या ताटात. ते एकदा ताटात पडलं की मुलगी दिली. मग भावकीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. सिंगापुरात अजून जावई नव्हता, म्हणून डोकं आजवर शामकांतच खात आले होते.

"छान धरलास," ते म्हणाले. "पण उपयोग काय? आमच्याकडे रोज हेच शिजतं. तुला वासही सोसायचा नाही. अशाने संसार होत नाही, सुगत."

सुगतने हाताचा चिखल पँटला पुसला. "काका, मी मासे खातो. पैठणला धरणाच्या काठी वाढलोय मी."

"मग इतके दिवस बटाट्याची भाजी कशाला खात होतास?"

"काकूंनी प्रेमाने केली होती. रश्मी सांगणार होती, तिला मीच थांबवलं. आणि मी काय खातो, ते मला तुम्ही कुणी विचारलंच नाही."

शामकांत माशाच्या तोंडातला गळ सोडवू लागले. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

"दुसरं काही कारण असेल तर तेही सांगा," सुगत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी ऐकतो."

दुसरं कारण होतं. पहिल्यापासून तेच होतं. भावाला फोनवर ते एका शब्दात सांगता आलं होतं. समोर उभ्या असलेल्या, चिखलाने माखलेल्या या पोराच्या तोंडाकडे बघून तो शब्द उच्चारायला मात्र त्यांची जीभ रेटेना.

"चल," ते अखेर म्हणाले. "मासा ताजा आहे तोवर घरी जाऊ."

आशालताने आधी मासा पाहिला, मग नवऱ्याचा चेहरा, आणि काही न विचारता चिंचेचा कोळ घालून कालवण केलं. सुगत मासे खातो हे ऐकून ती कपाळाला हात लावून हसली होती. रश्मीला हसू येत नव्हतं. तळ्यावर काय ठरलं, ते तिला दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

पानं वाढली. आशालता सवयीने डोकं नवऱ्याला वाढू लागली. शामकांतांनी ताटावर आडवा हात धरला आणि मानेने सुगतकडे खूण केली. आशालताचा डाव मध्येच थांबला, मग सुगतच्या ताटाकडे वळला. रश्मीने मान खाली घातली आणि कालवलेलाच भात पुन्हा कालवायला घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

सुगतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने ताटातल्या त्या भल्यामोठ्या डोक्याकडे संकोचून पाहिलं.

"काका, हे तुम्ही घ्या ना. मला डोकं खाता येत नाही."

"शिकून घे," शामकांत म्हणाले. "ते सासऱ्याने खायचं नसतं."