सीटवरचं प्लास्टिक

शहाऐंशी साली तारापूरच्या कारखान्यातला सहाशेचा पगार सोडून आत्माराम पालघरला एका शेठकडे मोटारी विकायला लागला. पगार तीनशे, शिवाय विकेल त्या गाडीमागे कमिशन. वर्षभरात जेमतेम दोन गाड्या खपल्या.

"जगाला नव्या गाडीत बसवता, मला कधी बसवणार तुमी?" बायको रखमा टोमणा मारायची.

"सीटवरचं प्लास्टिक मळलं तर शेठ पगारातून कापतील, बाई," तो हसून म्हणायचा.

एका सकाळी शेठनीच नवी गाडी इस्पितळाच्या दारात आणून उभी केली. रखमाचं प्रेत गावी, शिरगावला न्यायला दुसरं वाहन मिळत नव्हतं. आत्मारामने आधी मागच्या सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं.

"अरे, हे काय करतोस?" शेठ म्हणाले.

"रखमा बसतेय, शेठ. पगारातून कापा."