मिठाचे एकोणीस डबे

ओझेल टॉलिव्हरचा ब्लूज, म्हणजे अड्ड्यावरच्या दुःखी गाण्यांचा नाद, रविवारी सकाळी अकरा वाजता सनफ्लॉवर नदीत बुडाला. सोबत त्याच्या खिशातली हार्मोनिकाही.

बुडवणारे चर्चचे पास्टर गॅस्किन, हट्ट आईचा. "तू पाण्यात उतरल्याशिवाय मी काही मरत नाही," असं म्हातारीने अंथरुणातून जाहीर केलं होतं. डॉक्टरही कंटाळले होते. शेवटी बावन्न वर्षांच्या ओझेलने पांढरा झगा चढवला, अख्ख्या मंडळीसमोर ब्लूज, म्हणजे सैतानाची गाणी, सोडल्याचा शब्द दिला आणि नाक दाबून बुडी मारली. हार्मोनिका पँटच्या खिशातच राहिली. तिचाही बाप्तिस्मा झाला. तिच्या आतलं लाकूड फुगलं, फटी बुजल्या, आणि तीस वर्षांत लागला नव्हता असा सूर लागला. आता तिच्यावर फक्त चर्चची गाणी.

गुरुवारी दुपारी तो आईसाठी मोहरीचा पाला शिजवत होता. मीठ शोधताना फळीवर एकोणीस डबे निघाले. एकही फोडलेला नाही.

"आई, एवढं मीठ? तुला तर डॉक्टरांनी बंद केलंय!"

"दर शनिवारी संध्याकाळी एक आणायचे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "हे उरलेले. अख्ख्या गल्लीला मीठ पुरवलंय मी."

"पण कशाला?"

"तू शनिवारी वाजवायचास त्या गाण्याच्या अड्ड्याला दुकान खेटून आहे ना, गाढवा. नुसतं भिंतीला कान लावून उभी राहिले असते तर लोक काय म्हणाले असते?" तिला धाप लागली. "ते आगगाडीचं वाजव. दुसऱ्या कडव्यात तुझा आवाज फाटतो, तिथून."

ओझेलने हार्मोनिका ओठांना लावली. आणि थांबला. या बाईने त्या गाण्यांना जन्मात उंबरठा ओलांडू दिला नव्हता. ही नक्की परीक्षा होती.

"मी पाण्यात शब्द दिलाय, आई," तो ताठ मानेने म्हणाला. आणि त्याने चर्चचं गाणं वाजवलं. पाचही कडवी.

"छान," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "देवाला आवडलं असेल."

सव्वाचारला ती गेली.

शुक्रवारी पास्टर गॅस्किन यांच्या टेबलावर ओझेलचा अर्ज आला: "महोदय, रविवारी झालेला माझा बाप्तिस्मा गुरुवार दुपारी चार ते सव्वाचार एवढ्या वेळेपुरता, मागील तारखेने, रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती."