मुठीतली पेटी

नकाशा बघत जंगलात धावायची आमची स्पर्धा संपली, की खुणा गोळा करत फिरायला मला फार आवडतं. ब्लूबेरी तोंडात टाकायच्या, प्रत्येक खुणेचं नारिंगी-पांढरं कापड सोडायचं, तिथली मुठीएवढी इलेक्ट्रॉनिक पेटी पिशवीत भरायची. धावणाऱ्याने बोटावरची चिप टेकवली, तरच पेटी "पीं" करते.

"सगळे परतले ना गं?" मी फोनवर बायकोला, गुनवोरला विचारलं.

"कधीचेच! तुझा गोगलगाय भाऊसुद्धा आला. आता तूच ये, कॉफी गार होतेय."

पाठीवरची पिशवी भरली होती. शेवटची पेटी मुठीत धरून मी हसत टेकडी उतरू लागलो.

पाठीवर "पीं" झालं. मग दुसरी पेटी वाजली. मग एकेक करत सगळ्या.

शेवटची तेवढी राहिली होती.

कुणीतरी अलगद माझी मूठ उघडू लागलं.